त्यांना इतिहास, मला समुद्र – फेब्रुवारीत दोघांनी अंदमानला जावं की श्रीलंकेला?

गोदाकाठची:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तर आमचे हे मे महिन्यात नाशिकच्या शाळेतून रिटायर झाले. ३२ वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे कुठेही गेलं की यांना पडका दगड आधी दिसतो आणि बाकी जग नंतर. हंपीला गेलो तेव्हा तीन दिवस मी खांबच बघितले, तुंगभद्रा नुसती पुलावरून. मग मी हट्टाने गोवा ठरवलं तर तिथे हे फुल पँट आणि बूट घालून वाळूत खुर्ची टाकून पेपर वाचत बसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी "चल जरा आग्वाद बघून येऊ" म्हणून जे निघालो ते थेट जुन्या गोव्याची चर्चेस करून रात्री परत. माझे पाय एकदाच पाण्यात गेले हो.

आता फेब्रुवारीत लग्नाला ३० वर्षं होतायत. मुलीने सांगितलंय की तिकिटं ती काढणार, जागा आम्ही ठरवायची. मला बेट पाहिजे, निळं पाणी, नारळ, पाय सोडून बसायचं. यांना "काहीतरी बघण्यासारखं" पाहिजे. त्यामुळे अंदमान आणि श्रीलंका या दोन नावांवर गाडी अडलीय. आठ-नऊ दिवस, दोघांचं मिळून दोन लाखाच्या आत बसलं तर बरं.

अडचणी: यांचा उजवा गुडघा दुखतो, जिने चढतात पण उतरताना त्रास होतो. मला बोट लागते. हे शाकाहारी, मी मासे खाते (आंतरजातीय नाही, मीच बिघडले). कुणी जोडीने जाऊन आलं असेल तर खरं खरं सांगा, पॅकेजवाल्यांचं ऐकून कान किटलेत.

तुकतुकीत:

अंदमान. डोळे झाकून. नाशिकच्या इतिहासाच्या मास्तरांनी सेल्युलर जेल बघितलं नसेल तर पेन्शन थांबवायला पाहिजे.

चाकंफिरती:

आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी श्रीलंकेला जाऊन आलो, फेब्रुवारीतच, म्हणून लिहितेय. मुंबईहून कोलंबो अडीच तासाचं विमान, म्हणजे तुम्हाला नाशिकहून मुंबई विमानतळ गाठायला त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागेल.

आधी एक महत्त्वाचं, हे कुणी नीट सांगत नाही. श्रीलंकेला दोन पावसाळे असतात. दक्षिण-पश्चिम किनारा म्हणजे गॉल, मिरिसा, उनावटुना हे डिसेंबर ते मार्च छान असतं, तेव्हा पूर्वेकडचं त्रिंकोमाली खवळलेलं, आणि मेपासून सप्टेंबरपर्यंत बरोबर उलटं. त्यामुळे फेब्रुवारीत जात असाल तर समुद्रासाठी फक्त दक्षिण किनारा धरा. आमच्या ओळखीतले एक जण जुलैत मिरिसाला गेले आणि आठवडाभर लाल बावटा बघत बसले.

आता तुमच्या ह्यांच्यासाठी: सिगिरिया. पाचव्या शतकातला कश्यप राजा, बापाला मारून गादीवर बसला आणि भावाच्या भीतीने सरळ उभ्या कातळावर जाऊन राजवाडा बांधला. दोनशे मीटरचा कातळ, अर्ध्यावर भिंतीवर रंगवलेल्या बायकांची चित्रं (फोटो काढू देत नाहीत), त्याच्यापुढे आरशासारखी घोटलेली भिंत आणि तिच्यावर हजार-बाराशे वर्षांपूर्वी बघायला आलेल्या लोकांनी कोरलेल्या कविता. म्हणजे आपल्याकडे किल्ल्यावर बदामात नाव कोरतात तेच, फक्त यांनी सिंहलीत चांगल्या कविता केल्या! पण पायऱ्या १२०० च्या आसपास आहेत आणि वरचा टप्पा लोखंडी जिन्याचा. गुडघा दुखत असेल तर हे सोडा. खालच्या बागा सपाट आहेत, तिथली दगडी कारंजी अजून जोराच्या पावसात उडतात म्हणतात, तेवढं बघून कातळाकडे मान वर करून बघायचं. माझ्या नवऱ्याने तेच केलं, मी वर गेले, खाली आले तर हे शहाळं पीत एका माकडाशी भांडत होते.

त्याऐवजी पोलोन्नरुवा ही जुनी राजधानी करा, गुडघ्याला सोन्यासारखं. सगळं सपाट, रिक्षा नाहीतर सायकल घेऊन एकेका ठिकाणी उतरायचं. गल विहाराचा झोपलेला बुद्ध १४ मीटर लांब आहे, एका कातळातून काढलेला, आणि उशीवर डोकं टेकलंय तिथे उशीला खळगा पडलाय तो पण दगडात कोरलाय. मी तिथे अर्धा तास बसले. चोळांनी बांधलेली शिवमंदिरं पण आहेत, कारण अकराव्या शतकात इथे त्यांचंच राज्य होतं, तुमचे मास्तर खूश होतील. सूचना: देवळाच्या आवारात चप्पल काढायला लागते आणि दगड दुपारी तव्यासारखा तापतो, पायमोजे न्या. आणि तिकिटाच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवा, सार्क देशवाल्यांना परदेशी तिकिटाच्या साधारण निम्मे पैसे पडतात, न विचारता ते पूर्ण लावतात.

शेवटी तीन दिवस गॉल. किल्ला आधी पोर्तुगीजांचा मग डचांनी नीट बांधला, तटावर संध्याकाळी अख्खं गाव फिरायला येतं, एका बाजूला तट आणि लगेच खाली समुद्र, म्हणजे तुमचं भांडण तिथल्या तिथे मिटेल. २००४ च्या त्सुनामीत बाहेरचं गाव वाहून गेलं पण तटाच्या आतला भाग बराचसा वाचला.

खाणं: अहो शाकाहारी माणसाने एक काळजी घ्यायची, तिथला पोल संबोल दिसायला आपल्या नारळाच्या लाल चटणीसारखा पण त्यात बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचा चुरा असतो. भाज्यांत पण. "उंबलकड नको" एवढं पाठ करून जा. बाकी इडिअप्पम, डाळ, फणसाची भाजी, आंबोळीसारखे आप्पे, मजाच मजा.

वाईट काय, तर रस्ते. अंतर दिडशे किलोमीटर आणि वेळ चार तास. नऊ दिवसात आमचे दोन दिवस गाडीत गेले.

गोदाकाठची:

चाकंफिरती, किती छान लिहिलंत. उंबलकड वाचून हे म्हणाले "बघ, मी म्हणत नव्हतो". म्हणत काही नव्हते, पण असो. १२०० पायऱ्या ऐकून मात्र गप्प झाले. अंदमानवाल्यांनो, तिथे पण जिने आहेत का? आणि बोटीचं काय?

मिठागर:

ताई, मी सविस्तर लिहितो, जरा लांबेल. आम्ही नवरा-बायको तीनदा गेलो अंदमानला, पहिल्यांदा पॅकेजने (पस्तावलो), नंतर दोनदा आपलं आपण.

आधी नावांचा गोंधळ मिटवू कारण तिकिटं काढताना मुलगी चक्रावेल. पोर्ट ब्लेअर आता श्री विजयपुरम (२०२४ पासून), हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप आणि रॉस म्हणजे नेताजींच्या नावाचं बेट, ही तीन २०१८ च्या डिसेंबरात बदलली, कारण ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी तिथे झेंडा फडकवला त्याला ७५ वर्षं झाली होती. बोटवाले, हॉटेलवाले अजून जुनीच नावं बोलतात. मी पण जुनीच लिहितो, सवय.

आता जेल. पॅकेजवाले पहिल्या दिवशी विमानातून उतरवतात, हॉटेलात बॅगा टाकायला लावतात, तीन वाजता जेलच्या दारात सोडतात आणि सव्वाचारला शिट्टी वाजते की झालं. आमचं पहिल्यांदा असंच झालं. सावरकरांच्या कोठडीपुढे पन्नास माणसांची रांग, प्रत्येकाने गजाला हात लावून फोटो काढायचा, पुढे सरका पुढे सरका. दुसऱ्यांदा आम्ही सकाळी नऊला उघडताना आत शिरलो आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत थांबलो, तेव्हा कुठे ती इमारत कळली.

मास्तरांना सांगा काय बघायचं ते. १८९६ ला बांधायला घेतलं, १९०६ ला पुरं झालं. मधे एक मनोरा आणि त्यातून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात लांब इमारती, आता तीनच उरल्यात. १९४१ च्या भूकंपात आणि नंतर काही पडल्या, आणि त्या जागेवर आज सरकारी दवाखाना आहे. प्रत्येक इमारत अशी वळवलीय की एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे. म्हणजे तुम्ही गजातून बाहेर बघितलं तर समोर आंधळी भिंत, माणूस दिसताच कामा नये. कोठडी साडेतेरा फूट बाय साडेसात फूट, हवेला वर उंच एक झरोका. आणि कडी बघा, नक्की बघा! दाराची कडी दाराजवळ नाहीच, भिंतीत लांब कोनाडा करून त्यात आहे, आतून हात कितीही लांबवला तरी बोटं पोचत नाहीत. मी लांबवून बघितला. इतका थंड डोक्याने केलेला विचार, मारझोडीपेक्षा त्याचीच भीती वाटली मला.

सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर टोकाची. १९११ च्या जुलैत आणलं, १९२१ पर्यंत तिथे. थोरले बंधू बाबाराव आधीपासून तिथेच होते आणि दोघे एका तुरुंगात असून भेट होऊ देत नव्हते. गळ्यात जो बिल्ला असायचा त्यावर सुटकेचं साल १९६० होतं, मास्तरांना माहीतच असणार. खाली अंगणात तेलाचा कोलू ठेवलाय, माणसाला बैलासारखं जुंपून दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायला लावायचे.

पण एक सांगतो, मराठी माणसं ती एक कोठडी बघून परत फिरतात. मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर प्रांताप्रमाणे कैद्यांची नावं आहेत, ती वाचायला लावा. बंगालची यादी संपता संपत नाही. १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने नळीतून दूध घालताना भगतसिंगांचा सहकारी महावीरसिंग मेला, त्याचा पुतळा बाहेर बागेत आहे, मोहित मैत्र आणि मोहन किशोर नामदास पण त्याच उपोषणात गेले. फार लोक थांबत नाहीत तिथे.

जिने आहेत, तीन मजले, कठडा धरून सावकाश उतरता येतं. गच्चीवर मात्र जा, समोर समुद्र दिसतो, आणि रॉस बेट. कैद्यांना नाही दिसायचा तो, एवढं लक्षात ठेवा.

रॉस: छोट्या बोटीने दहा-पंधरा मिनिटं. बुधवारी बोटी नसतात. इंग्रजांचं मुख्य ठाणं हे, नाचघर, बेकरी, चर्च, टेनिस कोर्ट सगळं होतं, आता त्या भिंतींना वडाच्या मुळ्यांनी असं धरलंय की भिंत कुठली आणि झाड कुठलं कळत नाही. हरणं जवळ येतात. आत बॅटरीची गाडी मिळते, गुडघ्याला बरं. आणि माझ्या मते ताई तुमचं दोघांचं एकमत होईल अशी जागा हीच, कारण पडके दगडही आहेत आणि नारळाखाली बसून निळं पाणीही.

बोट: खाजगी बोटी एसी, बंद काचेच्या, हॅवलॉकला दीड-दोन तासात पोचवतात पण लागणाऱ्या माणसाला आत कोंडल्यासारखं होतं. सरकारी बोट जरा जास्त वेळ घेते, पण डेकवर वाऱ्यात उभं राहता येतं, माझ्या बायकोला तिच्यात काही होत नाही. तिकीट मिळणं मात्र कटकटीचं. गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यायची, बोट हलायला लागल्यावर नाही, आणि डॉक्टरला विचारून. फेब्रुवारीत समुद्र शांत असतो, तसं घाबरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सूर्य. घड्याळ आपलंच पण बेटं पार पूर्वेला, त्यामुळे फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि सहाला काळोख. तुम्ही नाशिकच्या हिशोबाने जेवून, वामकुक्षी करून चारला किनाऱ्यावर जाल तर हातात दीड तास. म्हणून उलटं करायचं, पहाटे साडेपाचला उठून समुद्र, दहाला परत, दुपारी झोप. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त बघायचा तर तीनलाच निघायचं. तिथल्याच काळापत्थर किनाऱ्यावर सूर्योदय.

व्यवहारी:

मिठागर, लेख छान पण जेलला अख्खी सकाळ हे जास्त होतं. आम्ही दोन तासात सगळं बघितलं. ताई, पाच रात्रीत होतं अंदमान: एक पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक, एक नील, एक परत पोर्ट ब्लेअर, आणि त्यातच एक दिवस बाराटांग, चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी. बाकीचे पैसे वाचवा आणि सोन्यात घाला. 😀

मिठागर:

दोन तासात आम्ही पण बघितलं होतं, पहिल्यांदा. असो, ज्याची त्याची आवड.

बाराटांगबद्दल मात्र कळकळीने सांगतो, साठीच्या जोडप्याने करू नये. रात्री तीनला उठायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगेत थांबायचं, मग पोलिसांच्या ताफ्यामागून जंगलातून, मग फेरी, मग छोटी होडी, मग दीडेक किलोमीटर चाल. आणि तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. २००२ सालीच सुप्रीम कोर्टाने बंद करायला सांगितलेला रस्ता तो. गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही असे नियम आहेत पण गाडीतले अर्धे लोक गुहा बघायला नाही तर "ते दिसतात का" म्हणून खिडकीला नाक लावून बसलेले असतात. मला नाही बघवलं ते. परत गेलो तेव्हा त्या दिवसात चाथमची सॉ मिल बघितली, १८८३ ची, अजून चालू आहे, लाकडाचा वास भरून राहिलेला असतो आणि मधोमध जपानी बाँबने पडलेला खड्डा. तीन वर्षं जपान्यांच्या ताब्यात होती ही बेटं, १९४२ ते ४५, ते आपल्याकडे कुणाला माहीतच नसतं.

आणि जुनी गुलाबी २० ची नोट असेल घरात तर घेऊन जा. तिच्यामागचं नारळाचं चित्र माउंट हॅरिएटवरून दिसणाऱ्या नॉर्थ बेचं आहे. त्याच डोंगराच्या पायथ्याशी १८७२ ला शेरअली नावाच्या कैद्याने व्हाइसरॉय मेयोला सुरा मारला. मास्तरांना हातात नोट देऊन तिथे उभं करा, तुम्हाला अर्धा तास मोकळा मिळेल.

व्यवहारी:

बाराटांगचं मान्य. आम्ही पण गुहेत जाऊन आलो आणि बायको दोन दिवस बोलली नाही.

वालावलकरीण:

बायांनो, एवढ्या लांब कित्याक जातास? आमचा सिंधुदुर्ग काय वाईट आसा? कुरटे बेटार किल्लो, मालवणच्या धक्क्यावरून होडयेन पंधरा मिनटां. १६६४ साली महाराजांनी पायो घातलो. चारी बाजून खारट पाणी आणि आत गोड्या पाण्याच्यो तीन विहिरी, दूधबाव, साखरबाव, दहीबाव. आता मराठीत लिहिते नाहीतर ओरडाल. २०२५ ला युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले त्यात सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे तीन पाण्यातले आहेत आणि विजयदुर्ग किनाऱ्यावरचा. तारकर्लीला राहा, सकाळी किल्ला, दुपारी सुरमई, संध्याकाळी वाळूत पाय. दोन लाख कशाला, चाळीस हजारात होईल आणि उरलेल्याचं काय करायचं ते व्यवहारी सांगतीलच.

गोदाकाठची:

वालावलकरीण, सिंधुदुर्ग दोनदा झालाय हो, शाळेची सहल घेऊन. दुसऱ्या वेळी ह्यांनी ८० मुलांना तटावरून फिरवलं आणि मी होडीच्या धक्क्यावर ८० चपला सांभाळल्या. समुद्र तेवढाच दिसला.

पमारेमिशस:

तिसरा पर्याय टाकतो. मॉरिशस. मुलगी तिकिटं काढतेय म्हणून म्हणतो, दोन लाखात ओढाताण होईल. पण मास्तरांना पोर्ट लुईसला आप्रवासी घाट दाखवा, १८३४ पासून हिंदुस्थानातून आणलेले करारी मजूर जिथे उतरले त्या १६ दगडी पायऱ्या अजून आहेत. आपल्या कोकणातून गेलेल्या मराठी घराण्यांची वस्ती तिथे आहे, गणेश चतुर्थीला चक्क सरकारी सुट्टी असते. मराठी आडनावाचा माणूस क्रिओल बोलतो आणि मधेच "बाप्पा मोरया" म्हणतो तेव्हा कसंतरीच होतं, चांगल्या अर्थाने. शिवाय पाणी म्हणाल तर प्रवाळाच्या कड्यामुळे लाटा बाहेरच अडतात, आतलं तळ्यासारखं शांत. फक्त फेब्रुवारी हा तिथला वादळाचा काळ, तेव्हा तेवढं ध्यानात घ्या, मे नंतर छान.

चाकंफिरती:

मॉरिशस फेब्रुवारीत नको, पमारेमिशसनीच सांगितलं ते. ताई, गुडघ्याचा विचार करता मी माझं मत मागे घेते, अंदमान करा. श्रीलंका मुलगी घेऊन जाईल तेव्हा, ती सिगिरिया चढेल, तुम्ही दोघं खाली माकडांशी भांडा.

गोदाकाठची:

ठरलं, अंदमान. नऊ रात्री: तीन पोर्ट ब्लेअर, तीन हॅवलॉक, दोन नील, शेवटची परत पोर्ट ब्लेअर. बाराटांग कट. चेन्नईवरून विमान. रॉस बुधवारी येत नाही ना ते तपासलं. ह्यांनी वही काढलीय आणि "जेल – प्रश्न" असं लिहून १४ प्रश्न लिहिलेत, मी म्हटलं तिथे परीक्षा आहे का. सगळ्यांचे खूप आभार.

तुकतुकीत:

पंधरावा प्रश्न: बूट काढून वाळूत चालता येतं का?

गोदाकाठची:

(मार्च) जाऊन आलो! सांगायला उशीर झाला, आल्या आल्या लग्नं सुरू झाली.

मिठागरदादा, तुमचं ऐकून नऊ वाजता जेलच्या दारात उभे राहिलो. हे प्रत्येक गोष्ट वहीत लिहीत होते, मग एका कोठडीत गेले आणि पावलांनी मोजायला लागले, लांबी, रुंदी, दोनदा. बाहेर येऊन म्हणाले, "आपल्या पंचवटीच्या घरातलं स्वयंपाकघर एवढंच होतं." त्या स्वयंपाकघरात मी ११ वर्षं काढली, सासूबाई आणि दोन जावा धरून चौघी असायचो. मी म्हटलं मग माझं पण नाव लिहा त्या पाटीवर. हसले नाहीत. नंतर गच्चीवर बसलो बराच वेळ, काही बोलले नाहीत, वही पिशवीत टाकली ती पोर्ट ब्लेअर सोडेपर्यंत काढलीच नाही. पाट्या वाचल्या, बंगालच्या सगळ्या.

संध्याकाळचा आवाज आणि प्रकाशाचा कार्यक्रम पण बघितला, पण सकाळी स्वतः फिरल्यावर मला त्याची गरज वाटली नाही, डासच जास्त लक्षात राहिले. ज्यांनी जेल घाईत बघितलंय त्यांना आवडेल.

रॉसला हरणाने ह्यांच्या खिशातला रुमाल ओढला. नीलला नैसर्गिक पूल बघायचा होता तर भरती होती, आम्ही वेळ न विचारता गेलो, कमरेइतकं पाणी बघून परत फिरलो. जाणाऱ्यांनी ओहोटीची वेळ हॉटेलात विचारून मगच निघा, आणि खाली खडक निसरडे आहेत, गुडघेवाल्यांनी ओहोटीला पण काठी घ्या. नीलच्याच भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघितले. शंख-शिंपले, प्रवाळ काही उचलू नका, विमानतळावर बॅगा तपासतात आणि काढून घेतात, आमच्या पुढच्या बाईंनी चांगली ओंजळभर शंख घेतले होते, सगळे ठेवावे लागले.

बोट: जाताना खाजगी मिळाली, मला लागली. येताना सरकारी, डेकवर उभी होते, काही झालं नाही. दादांचं शंभर टक्के खरं.

आणि हॅवलॉकला मी तीन दिवस पहाटे साडेपाचला पाण्यात. एकटीच. हे खोलीवर झोपून, कारण "सुट्टीत कोण पहाटे उठतं". ३२ वर्षं पहाटे साडेपाचला उठून सातची शाळा गाठणारा माणूस!

तुकतुकीत:

बूट?

गोदाकाठची:

राधानगरला काढले. पायमोजे ठेवले.

वालावलकरीण:

😂😂 ताई, तिथे सुरमई कशी होती?

गोदाकाठची:

मासे ताजे पण मसाला उत्तरेकडचा, सगळीकडे तीच लाल ग्रेव्ही. शेवटी नीलला एका बंगाली बाईंच्या खानावळीत मोहरीतला मासा मिळाला तो चांगला होता, आणि ह्यांना तिथेच गरम भात, मसूरडाळ, बटाट्याचं भाजं, तीन वेळा वाढून घेतलं. मालवणसारखी नाही. यंदा मे महिन्यात तारकर्लीला येतेय, शाळा न घेता. तुमच्याकडे खोलीचं बघाल का, व्यक्तिगत निरोप करते.